कोस पठारांवरील विवरे आणि झरे : एका परिभाषेचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः ग्रीक, लॅटिन अथवा संस्कृत धातूंपासून बुद्धिपुरस्सर घडविलेल्या संज्ञांकडे जाते. भूरूपशास्त्रात मात्र परिस्थिती काहीशी निराळी आहे. तेथील कित्येक संज्ञांचे मूळ धनी मेंढपाळ, नावाडी आणि शेतकरी हे होत. शास्त्रज्ञाने त्या उचलल्या, त्यांच्या अर्थाची कड घासून सरळ केली आणि ग्रंथात बसविल्या. दक्षिण फ्रान्समधील ‘कोस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चुनखडीच्या पठारांचा प्रदेश हे या व्यवहाराचे ठळक उदाहरण आहे. तेथील गुहा, खोल दऱ्या आणि नद्या पाहण्यासाठी दरवर्षी असंख्य प्रवासी जातात, आणि त्या देखाव्यांची वर्णने प्रवासग्रंथांत विपुल आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. त्या भूमीतील विवरांना व झऱ्यांना तेथील लोकांनी कोणती नावे दिली, त्या नावांतून कोणते ज्ञान व्यक्त होते, आणि त्या ज्ञानात राहिलेल्या एका पोकळीमुळे पिण्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या कसे दूषित होत राहिले, एवढेच येथे पाहावयाचे आहे. फ्रान्समधील गुहा म्हटल्यावर अनेकांना लास्को येथील आदिमानवाची चित्रे आठवतील. तो विषय सर्वस्वी वेगळा असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागातील मासिफ सांत्राल या प्राचीन पर्वतपिंडाच्या दक्षिणेकडील अंगास चार मोठी पठारे आहेत : सोवतेर, मेझां, न्वार आणि लार्झाक. त्यांस एकत्रितपणे ‘ग्रां कोस’, म्हणजे मोठे कोस, असे म्हणतात. पश्चिमेस केर्सी प्रांतात त्यांहून सखल असे आणखी कोस आहेत. त्यांपैकी ग्रामा येथील कोसाचा उल्लेख पुढे येईल. ‘कोस’ हा शब्द ओक्सितान भाषेतला. चुना या अर्थाच्या ‘काल्क्स’ या लॅटिन शब्दाशी त्याचा संबंध सामान्यतः जोडतात. त्यामागे त्याहूनही प्राचीन, लॅटिनपूर्व असा पाषाणवाचक शब्द असावा, असाही एक पक्ष आहे. मराठी वाचकास अंतर मोजण्याचा कोस आठवल्यावाचून राहणार नाही, परंतु तो निव्वळ ध्वनिसाम्याचा प्रकार होय. पठारांची नावे बरीच पारदर्शक आहेत. ‘मेझां’ हे ‘मेदिआनुस’, म्हणजे मधला, याचे रूप असून तार्न व झोंत या दोन नद्यांच्या मधोमध ते पठार पसरलेले आहे. ‘न्वार’, म्हणजे काळा, हे नाव त्या पठारावरील पाइन वृक्षांच्या गर्द छायेमुळे पडले असे सांगतात.

या पठारांची उंची समुद्रसपाटीपासून साधारणपणे ८०० ते १२०० मीटर आहे. पाऊस तेथे कमी पडतो असे नाही. तरीही पृष्ठभागावर ओहोळ नाही, नदी नाही, तळे नाही. गवत, दगड, मेंढ्यांचे कळप आणि दूरदूर विखुरलेली दगडी घरे एवढेच दृष्टीस पडते. कळपांना पाणी पाजण्यासाठी मेंढपाळांनी उथळ खळगे दगडांनी फरसबंद करून ठेवले. त्यांस ‘लावोन्य’ म्हणतात. पाणी जमिनीवर टिकविण्यासाठी जेथे एवढा खटाटोप करावा लागतो तेथे ते एरवी कोठे जाते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर खडकाच्या जातीत आहे. ही पठारे ज्युरासिक काळात समुद्रतळी साचलेल्या चुनखडीच्या व डोलोमाइटच्या थरांची बनलेली असून त्यांची जाडी शेकडो मीटर आहे. पावसाचे पाणी हवेतील, आणि विशेषेकरून मातीतील, कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या भेगांत शिरले म्हणजे खडक थोडाथोडा विरघळतो, भेगा रुंदावतात, आणि लक्षावधी वर्षांच्या अवधीत आत विहिरीसारख्या गर्ता, दालने व बोगदे तयार होतात. पाणी खाली उतरते आणि पठाराच्या पायथ्याशी, दरीच्या तळाला, पुन्हा बाहेर पडते.

या व्यवस्थेचे सर्वांत भव्य दर्शन तार्न नदीच्या दरीत घडते. लोझेर पर्वताच्या ग्रॅनाइटमध्ये उगम पावलेली ही नदी सुमारे ३८० किलोमीटर वाहून गारोन नदीस मिळते. परंतु तिची कीर्ती सोवतेर व मेझां या पठारांमधून तिने कापलेल्या घळीमुळे आहे. येथे दोन्ही बाजूंचे कडे ४०० ते ६०० मीटर उंच आहेत. नदीचे पात्र कोठे इतके आकुंचित होते की, दोन्ही कड्यांच्या सावल्या पाण्यात एकमेकींस मिळतात. कोठे ते रुंदावून काठावर एखादे खेडे, थोडी बदामाची वा द्राक्षांची लागवड आणि एखादा पडका किल्ला यांना जागा देते. ला मालेन येथील नावाडी सपाट तळाच्या होड्यांतून प्रवाशांस या अरुंद भागातून नेतात. दरीतून मोटाररस्ता होण्यापूर्वी अनेक ठिकाणी नदी हाच एकमेव मार्ग होता. त्याखालील कड्यांच्या अर्धवर्तुळास ‘सर्क दे बोम’ असे नाव आहे. ‘बोम’ म्हणजे गुहा. ‘बाल्मा’ या लॅटिनपूर्व शब्दाचे हे रूप फ्रान्सभर स्थलनामांत आढळते. आणखी खाली ‘पा द सूसी’ येथे कोसळलेल्या प्रचंड शिळांच्या राशीखाली नदी काही अंतर दिसेनाशी होते.

भूगोलाच्या दृष्टीने या घळीतील खरे आश्चर्य तिच्या उंचीत नाही. एवढ्या लांब दरीत तार्नला पृष्ठभागावरून वाहत येणारी एकही उपनदी मिळत नाही. तिला पाणी पुरवितात ते कड्यांच्या पायथ्याशी फुटणारे सुमारे चाळीस झरे. नकाशावर पाहिले तर नदीच्या दोन्ही बाजू कोऱ्या दिसतात, आणि तरीही नदी वाढत जाते. पठारावरचा मेंढपाळ पाणी नाहीसे होताना पाहतो, दरीतला कोळी ते प्रकट होताना पाहतो. पण मधला प्रवास कोणासच दिसत नाही. तेथील शब्दसंपत्ती नेमकी या दोन दृष्टींनुसार दुभंगलेली आहे.

प्रथम वरच्या बाजूचे शब्द पाहू. पठारावर जमीन बशीसारखी खचून तिच्या तळाशी तांबडी माती साचते. चुनखडी विरघळून गेल्यावर मागे उरलेला तो गाळ होय. नापीक पठारावर शेतीयोग्य अशी हीच काय ती जागा. अशा खळग्यास ग्रां कोसवर ‘सोत्श’ आणि केर्सीत ‘क्लूप’ म्हणतात. खोल, उभ्या, तोंड उघडे असलेल्या विवरास ग्रां कोसवर ‘आवेन’ म्हणतात. कातालान भाषेतही हाच शब्द ‘आवेंक’ या रूपात आणि त्याच अर्थाने आहे, आणि त्याचे मूळ लॅटिनपूर्व स्तरात असावे असे मानले जाते. केर्सीत याच वस्तूस ‘इग’ हे नाव आहे. आल्प्समधील व्हेर्कोर भागात ‘स्यालेत’, देव्होल्युईत ‘शूरूम’, प्रोव्हांसच्या पूर्वेकडे ‘आंब्यू’, म्हणजे नरसाळे, आणि दूर उत्तरेस नॉर्मंडीत ‘बेत्वार’ असे शब्द आहेत. यांपैकी शेवटचा ‘पिणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडला जातो : जमीन जेथे पाणी पिते ती जागा. एकाच वस्तूस दर दोनशे-तीनशे किलोमीटरांवर निराळे नाव असावे, यात बोलीविज्ञानाच्या अभ्यासकास नवल वाटणार नाही. ज्या वस्तूंचा बाजारात व्यवहार होत नाही त्यांची नावे प्रवास करीत नाहीत. आवेन कोणी विकावयास नेत नसे.

आता खालच्या बाजूचे शब्द. जोराने बाहेर पडणाऱ्या भूमिगत पाण्याच्या मुखास ओक्सितानमध्ये ‘फू’ हा शब्द आहे. लॅटिनमधील कंठवाचक शब्दापासून तो आला आहे. लार्झाकच्या दक्षिणेस व्हीस नदी उन्हाळ्यात वरच्या भागात कोरडी पडते आणि ‘फू द ला व्हीस’ येथे खडकाच्या कंठातून एकदम बाहेर येते. झऱ्यासाठी दुसरा शब्द ‘दोत्स’. झोंत नदी मेरुएस गावाखाली उन्हाळ्यात लुप्त होऊन ‘ले दूझ’ येथे पुन्हा प्रकट होते. त्या गावाच्या नावात हाच ‘दोत्स’ दडलेला आहे. फ्रेंच कानाला मात्र ते ‘बारा’ या संख्येसारखे ऐकू येते, आणि बारा कशाचे, या प्रश्नावर प्रवाशांचा तर्क चालू होतो. लोकव्युत्पत्तीचे असे मासले सर्वच देशांत सापडतात. एग्वाल पर्वताच्या उतारावर बोनर नावाचा ओढा जमिनीत शिरतो आणि एका उंच चिरेतून गर्जना करीत बाहेर येतो. त्या जागेस ‘ब्रामाब्यो’ म्हणतात. ‘ब्रामा’ म्हणजे हंबरतो, ‘ब्यो’ म्हणजे बैल. आपल्याकडे झऱ्याच्या तोंडाशी गोमुख बसवितात. येथे मूर्तीची गरज पडली नाही, पुराच्या दिवसांतील आवाज पुरेसा होता.

वर सांगितलेल्या दोन शब्दगटांत एकही समान घटक नाही. ‘आवेन’ शब्दात पाण्याचा मागमूस नाही, ‘फू’ शब्दात पठाराचा. आत जाणारे पाणी आणि बाहेर येणारे पाणी हे एकच आहे, असे सांगणारी संज्ञा या बोलीत नव्हती. पण म्हणून लोकांना त्याची कल्पनाच नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. या प्रदेशात व त्याच्या आसपास अनेक ठिकाणी एक कथा सांगितली जाते. पठारावर चाकरीस असलेल्या एका तरुण मेंढपाळाची काठी (कोठे तो चाबूक असतो) विवरात पडते. काही दिवसांनी खाली दरीत झऱ्यावर कपडे धूत असताना त्याच्या आईला ती सापडते. पाण्याची वाट कळल्यावर मुलगा दर आठवड्यास मालकाचे एक मेंढरू विवरात टाकतो आणि गरीब आई ते झऱ्यावर उचलून घेते. शेवटी एक दांडगे मेंढरू त्यालाच आत ओढते, आणि झऱ्यावर वाट पाहणाऱ्या आईच्या हाती मुलाचे प्रेत येते.

कथा चोरीच्या फळाविषयी आहे हे खरे. परंतु तिच्या पोटात जे भूगोलाचे ज्ञान गृहीत धरले आहे ते अचूक आहे. विवरात टाकलेले मेंढरू झऱ्यातून निघते. ही कथा ऐकणारे आणि सांगणारे लोक मेलेली जनावरे विवरांतच टाकीत. या विसंगतीचे स्पष्टीकरण केवळ शब्दांच्या अभावात शोधणे चुकीचे ठरेल. भाषेत शब्द नाही म्हणून मनात विचार नाही, हे सूत्र मोहक असले तरी येथे तरी ते टिकत नाही, कारण विचार कथेत स्पष्ट आहे. खरे कारण अधिक साधे असावे. कोसवर मातीचा थर इतका पातळ आहे की, मेंढी पुरावयाची तर खडक फोडावा लागे. साथीने मेलेले जनावर कळपापासून त्वरेने दूर करणे प्राप्त होते, आणि विवर जवळ होते. शिवाय ज्या गावाचे जनावर त्या गावाचा झरा, असे नसे. पाणी कोठे निघेल हे नक्की ठाऊक नव्हते, आणि जे निघे ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी दारात. ज्या प्रदेशाची सारी अर्थव्यवस्था मेंढीवर उभी आहे तेथे ही संख्या थोडी नव्हती. रोकफोर चीज याच प्रदेशातील मेंढ्यांच्या दुधाचे असते, आणि तेही कोंबालू डोंगराच्या गुहांत, ‘फ्लरीन’ नावाच्या नैसर्गिक भेगांतून येणाऱ्या थंड दमट हवेत पिकविले जाते.

या दोन शब्दविश्वांना जोडण्याचे काम एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी केले. १८५९ साली पाँत्वाझ येथे जन्मलेले मार्तेल हे व्यवसायाने पॅरिसच्या व्यापारी न्यायालयातील कायदेपंडित होते. विवरे हा त्यांच्या सुट्टीतील उद्योग. जून १८८८ मध्ये त्यांनी आपल्या सोबत्यांसह बोनर ओढा जेथे लुप्त होतो तेथून आत शिरून ब्रामाब्यो येथे बाहेर पडून दाखविले. फ्रान्समधील गुहाविज्ञानाचा आरंभ या घटनेपासून मानला जातो, आणि ते योग्यच आहे : आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी एकच आहे, हे येथे प्रथमच एका मनुष्याने आपल्या देहाने सिद्ध केले. पुढील वर्षी, ९ जुलै १८८९ रोजी, ग्रामा कोसवरील पादिराक या विवरात ते दोरखंडाच्या शिडीने उतरले. या गर्तेचे तोंड सुमारे ३५ मीटर रुंद आणि खोली ७५ मीटर आहे. सैतानाने टाचेने पाडलेला खड्डा, अशी तिची लोकप्रसिद्धी होती. तळाशी, पृष्ठभागापासून १०३ मीटर खाली, त्यांना नदी सापडली, आणि घडीच्या कापडी होडीतून मार्तेल व त्यांचे सहकारी गोपिया तिच्यात पुढे गेले. या नदीचे पाणी कोठे निघते हे १९४७ साली रंगद्रव्य टाकून निश्चित करण्यात आले. सुमारे ११ किलोमीटरांवर, दोर्दोन्य नदीच्या काठच्या झऱ्यांत ते प्रकट झाले.

प्रवाशांना अधिक परिचित असलेले ‘आवेन आर्मां’ हे मेझां पठारावरील विवर १८९७ च्या सप्टेंबरमध्ये सापडले. मार्तेल यांचे निष्ठावंत साहाय्यक, ल रोझ्ये गावचे कुलपे बनविणारे कारागीर लुई आर्मां, यांच्या नावाने ते ओळखले जाते. ७५ मीटर उभे उतरल्यावर सुमारे ११० मीटर लांब व ६० मीटर रुंद असे एक दालन लागते, आणि त्यात सुमारे चारशे निर्मितीस्तंभ तळापासून छताकडे वाढलेले आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठा ३० मीटर उंच आहे. येथे नदी नाही. छतातून ठिबकणारे पाणी आपल्यातील चुना थेंबाथेंबाने तळावर ठेवीत गेले, त्याचे हे अरण्य. ज्या क्रियेने पठार पोखरले तीच उलट दिशेने चालली म्हणजे काय घडते, हे येथे उभे राहून पाहता येते. सामान्य प्रवाशांसाठी ते १९२७ साली खुले झाले.

परंतु मार्तेल यांच्या कार्यातील सर्वांत महत्त्वाचा दिवस यांपैकी कोणत्याही शोधाचा नव्हे. १८९१ साली केर्सीच्या कोसवर त्यांनी व गोपिया यांनी एका झऱ्याचे पाणी प्यायले. पाणी थंड होते, नितळ होते. त्यानंतर ‘इग द ला बेरी’ या जवळच्या विवरात उतरून आतल्या प्रवाहाचा माग घेत असता त्यांना त्या पाण्यात एका वासराचे कुजलेले कलेवर आढळले. मार्तेल आजारी पडले. कथेतील मेंढरू झऱ्यात सापडले होते. येथे उलट झऱ्यापासून मागे जाऊन जनावर सापडले.

या अनुभवातून निघालेला विचार साधा पण त्या काळी नवा होता. वाळूच्या वा मुरमाच्या थरांतून पाणी सावकाश झिरपते आणि झिरपता झिरपता गाळले जाते. म्हणून त्यातून निघणाऱ्या झऱ्यावर सामान्यतः विश्वास टाकता येतो. चुनखडीच्या रुंद भेगांतून मात्र ते नळातून वाहावे तसे वाहते. गाळ तळाशी बसल्याने ते नितळ दिसते, भूगर्भातून आल्याने थंड लागते, आणि या दोन्ही गुणांमुळेच मनुष्य फसतो. अशा प्रवाहाचा वेग व मार्ग यांचा एक अनपेक्षित पुरावा फ्रान्सच्याच पूर्व सीमेवर, झुरा भागात मिळाला. १९०१ च्या ऑगस्टमध्ये पाँतार्लिये येथील एका मद्यकारखान्यास आग लागली आणि आबसिंथ नावाचे मद्य मोठ्या प्रमाणात दू नदीत वाहून गेले. थोड्याच दिवसांत लू नदीच्या उगमाच्या पाण्यास त्याचा वास व रंग आला. ज्यास स्वतंत्र उगम मानले जात होते ते दुसऱ्या नदीचेच पाणी ठरले.

मार्तेल यांनी याकरिता फ्रेंच भाषेत ‘रेझ्यूर्झांस’ ही संज्ञा रूढ केली. भाषाभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. झऱ्यासाठी फ्रेंचमध्ये प्रचलित असलेला ‘सूर्स’ हा शब्द ‘वर उसळणे’ या अर्थाच्या ‘सुर्गेरे’ या लॅटिन धातूपासून आला आहे. ‘रेझ्यूर्झांस’ त्याच धातूपासून बनला आहे. म्हणजे जुन्या आणि नव्या शब्दांत मूळ एकच. नव्यात भर पडली ती ‘पुन्हा’ या अर्थाच्या एका उपसर्गाची. पण सारा आशय त्या उपसर्गात आहे. हे पाणी प्रथमच जमिनीतून निघत नाही. ते एकदा भूपृष्ठावर होते, कोठेतरी आत गेले, आणि जेथे ते आत गेले तेथे काय टाकले होते याची चौकशी केल्यावाचून ते पिऊ नये, एवढी सूचना या उपसर्गाने दिली. पुढे बझांसों येथील भूशास्त्रज्ञ फुर्निये यांनी ‘एक्स्यूर्झांस’ ही तिसरी संज्ञा सुचविली : जे पाणी ओढ्याच्या रूपाने आत न शिरता पठारभर पावसाबरोबर मुरते आणि मग एकत्र येऊन निघते, त्याच्यासाठी. व्यवहारात दोहोंचा भेद करणे अनेकदा कठीण जाते, आणि विवेचक ग्रंथकार आता बहुधा दोहोंना व्यापणारी सामान्य संज्ञा वापरतात. तरीही त्रयीतील मूळ भेद विसरण्याजोगा नाही.

१५ फेब्रुवारी १९०२ च्या सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्याने मेलेली जनावरे, खाटिकखान्यातील घाण, शेणखत इत्यादी कुजणाऱ्या वस्तू भेगांत, गर्तांत, ‘बेत्वार’मध्ये व अन्य कोणत्याही खळग्यांत टाकण्यास मनाई केली. मार्तेल यांच्या प्रयत्नांमुळे ही तरतूद झाली, हे सर्वमान्य आहे. कायद्याच्या शब्दयोजनेत एक गंमत आहे. ज्या प्रदेशातील अनुभवातून तो निघाला तेथील ‘आवेन’ वा ‘इग’ हे शब्द त्या यादीत नाहीत. नॉर्मंडीतील ‘बेत्वार’ मात्र आहे. ओक्सितान बोलींतील शब्द विज्ञानाने स्वीकारले, विधिमंडळाने नाही. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेपासून न्यायालयीन कागदपत्रांची भाषा फ्रेंच ठरली होती, हे ध्यानी घेतले तर यात फारसे आश्चर्य नाही.

विज्ञानात मात्र या शब्दांस सर्बियन भूगोलज्ञ योव्हान स्वियिच यांच्या संज्ञांशी स्पर्धा करावी लागली. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन प्रबंधाने स्लाव्ह भाषांतील ‘दोलिना’, ‘पोल्ये’, ‘पोनोर’ हे शब्द आंतरराष्ट्रीय केले, आणि सर्व चुनखडी-भूरूपांस स्लोव्हेनियातील एका प्रदेशाच्या नावावरून ‘कार्स्ट’ ही संज्ञा दृढ झाली. त्यामुळे ‘सोत्श’ व ‘क्लूप’ हे स्थानिकच राहिले; त्यांची जागा ‘डोलाइन’ने घेतली. ‘आवेन’ तेवढा टिकला. अर्थसंकोच दोन्हीकडे झाला. स्लाव्ह भाषांत ‘दोलिना’ म्हणजे कोणतीही दरी. भूगोलाच्या पुस्तकात ती केवळ बशीसारखा खळगा. कोसवरील शेतकऱ्याच्या बोलीत आवेन हे कोणतेही भयावह विवर. शास्त्रात ते वर उघडे असलेले व चुनखडी विरघळून झालेले उभे विवर.

या संज्ञा मराठीत आणताना अडचण येते ती भाषेच्या दारिद्र्यामुळे नव्हे, खडकामुळे. दख्खनच्या पठारावर बहुतांश अग्निजन्य कातळ आहे. तो चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून सोत्श किंवा आवेन यांस देशी शब्द निर्माण होण्याचे कारण पडले नाही. याउलट खडक कोरण्याची परंपरा मोठी असल्यामुळे मनुष्यनिर्मित ‘लेणे’ आणि नैसर्गिक ‘गुहा’ यांचा भेद मराठी ज्या सहजतेने करते तो फ्रेंचमध्ये विशेषण लावूनच करावा लागतो. तार्नच्या दरीस ‘घळ’ हा शब्द चपखल बसतो. आवेनसाठी ‘विवर’ चालेल, परंतु तो उल्कापाताच्या वा ज्वालामुखीच्या खळग्यांसाठीही रूढ असल्याने ‘आवेन’ हाच शब्द ठेवणे इष्ट. ‘रेझ्यूर्झांस’ला मात्र ‘पुनरुद्गम’ हा प्रतिशब्द केवळ योग्यच नव्हे तर रचनेनेही समांतर आहे : ‘उद्गम’ कायम ठेवून एक उपसर्गतुल्य ‘पुनर्’ जोडला की काम होते. ‘जिवंत झरा’ हा मराठीतील विश्वासाचा शब्द आहे. पुनरुद्गमास तो लावू नये.

सेंत एनिमी या गावाचे नाव या संदर्भात घेतल्यावाचून राहवत नाही. मेरोव्हिंजियन राजवंशातील एनिमी नावाच्या कुष्ठरोगी राजकन्येस तार्नकाठच्या ‘बुर्ल’ झऱ्यात स्नान केल्याने आरोग्य लाभले, दरी सोडताच रोग उलटला, म्हणून ती तेथेच राहिली आणि तिने मठ स्थापिला, अशी कथा आहे. तेराव्या शतकात बेर्त्रां द मार्सेय या कवीने ती ओक्सितान पद्यात गुंफली. बुर्ल हा पठारावरील पाण्याचा पुनरुद्गम आहे. त्या भाषेत त्या काळी एवढे दीर्घ काव्य रचले गेले, आणि आज तिची गणना संकटग्रस्त भाषांत होते. पठारावरची वस्ती विरळ झाली, १८८० नंतरच्या सक्तीच्या शिक्षणात शाळेची भाषा केवळ फ्रेंच राहिली, आणि ज्या घरांत ‘सोत्श’, ‘फू’, ‘दोत्स’ हे शब्द अर्थासह वापरले जात त्यांची संख्या घटत गेली. मिस्त्राल यांनी १८७८ ते १८८६ या काळात ओक्सितान बोलींचा मोठा कोश प्रसिद्ध केला म्हणून बराच ठेवा लिखित राहिला. बाकीचे काम स्थलनामे करीत आहेत. परंतु अर्थ विसरला गेला की, ‘ले दूझ’चे ‘बारा’ होते.

मेंढीपालन मात्र चालू आहे, आणि त्याच्याशी निगडित भूदृश्य म्हणून कोस व सेव्हेन या प्रदेशाचा युनेस्कोने २०११ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मेलेल्या मेंढ्यांचा प्रश्नही चालूच आहे. या कड्यांवरील गिधाडे १९४० च्या दशकात नाहीशी झाली होती. १९८१ पासून झोंत नदीच्या घळीत ती पुन्हा सोडण्यात आली आणि तेथे चांगली स्थिरावली. आता अनेक मेंढपाळ अधिकृत परवानगीने ठरावीक उघड्या जागी मृत जनावर ठेवतात, आणि गिधाडे काही तासांत हाडे तेवढी शिल्लक ठेवतात. झोंतच्या काठावरून वर पाहिले असता ती कड्यांच्या कडेने घिरट्या घालताना दिसतात; खाली, ले दूझ येथे, नदी जमिनीतून बाहेर पडत असते.